हक्कसोड

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "कॉलेजात शिकवतात, मालमत्ता हा निसर्गानंच दिलेला हक्क. मग तू सही करून तो मामाला सोडलास कसा? आणि बदल्यात काय, एक साडी?" मी 'रेंज जातेय' म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

साडी नव्हे गं, इरकल होती.

कडोलीकडचं शेत तू पाहिलंयस. खाली भात, वर माळाला रताळी. ते मुळात आपलं नव्हतंच. आजा कूळ होता, दुसऱ्याची जमीन खंडानं कसायचा. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं, आणि पाचच महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 ला, मुंबई राज्यात कुळं मालक झाली. चंदगड आधी बेळगाव जिल्ह्यातच होतं, ते मुंबईकडं राहिलं. म्हणजे माझ्या आत्याच्या सासरी जमीन नावावर झाली, आणि आजा मात्र आपल्याकडं कुळांना मालक करणारा 1974 चा कायदा येईपर्यंत खंड घालत राहिला. घाम तोच, माती तीच. तुझा तो इंग्रज विचारवंत बेंथॅम म्हणतो ना, कायद्याआधी मालमत्ता नव्हती आणि कायदा काढून घेतला की ती संपते? मला तो लगेच पटला. आपल्या घटनेतही 1978 च्या घटनादुरुस्तीपर्यंत मालमत्ता मूलभूत हक्कांत होती, मग तिथून उठवून बाहेर बसवली. निसर्गाची असती तर अशी उठली असती का?

आजाला हे पटलं नसतं. "नांगर धरला त्याची जमीन," एवढंच त्याचं म्हणणं. राबेल त्याची मालकी म्हणणारा दुसरा इंग्रज विचारवंत लॉक, त्याचं नाव न ऐकताच आजा लॉकचा माणूस. पण लॉक असंही लिहून गेलाय की माझ्या नोकरानं कापलेली गवताची ढेपळं माझी. ते वाचलं आणि मला आज्जी दिसली. आषाढात गुडघाभर चिखलात लावण, पाठीवर इरलं, शेजारी मी, शाळा बुडवून. उताऱ्यावर नाव एकट्या आजाचं. आमच्या हातांचं काय झालं, हे लॉकला विचार एकदा.

मग सही का केलीस, म्हणशील. 2005 पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे मला ठाऊक होतं. पण तिथं राबतो मामा. मी इंग्लंडात लीड्समध्ये बसून कसला हक्क सांगू? हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. आमच्याकडं वाटणी मागणाऱ्या बहिणीला गौरीचं बोलावणं येत नाही. कुणी भांडत नाही, नुसतं बोलावणं येत नाही. मला माहेर हवं होतं. कागद कन्नडमध्ये होता. अक्षरं लागतात मला, अर्थ नीट लागत नाही. दादानं, तुझ्या मामानं, बोट ठेवलं तिथं सही केली. ती खुशीनं केली की भीतीनं, अजून ठरत नाही.

तुझ्या वाट्याचंही मीच सोडून बसले, हे मनात येतं. राग असेल तर सांग. तू असंच वाग, असं मी म्हणणार नाही.

काल मामा सांगत होता, शेजाऱ्यानं हातभर बांध कोरला. मी बसमध्ये होते. "आपला बांध?" म्हणून एवढ्यानं ओरडले की पुढच्या सीटवरची म्हातारी वळून बघायला लागली.

तुझी,
आई