स्वप्नातली वस्तू खरी कशी वाटेल?

प्रश्न: मी ऑइल रंगांत सर्रिअल, म्हणजे स्वप्नासारखी विचित्र चित्रं करतोय, पण स्वप्नातलं काही घातलं की सगळं कार्टूनसारखं दिसायला लागतं. काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक उजेड आणि सावल्या. साल्वादोर दाली या स्पॅनिश सर्रिअल चित्रकाराचं १९३१ चं वितळत्या घड्याळांचं चित्र बघा, जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं, पण मागचे खडकाळ कडे त्याच्या ओळखीच्या, स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचे, आणि घड्याळंही इतकी बारकाईने रंगवलीत की डोळा आधी विश्वास ठेवतो मग दचकतो, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. तुम्ही पण विचित्र गोष्ट एकच ठेवा, बाकी टेबल, भिंत समोर बघून रंगवा, उजेड सगळ्यावर एकाच बाजूने येऊ द्या. आणि आकारांच्या कडा रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने हलक्या करा, ऑइल हळू वाळतं त्यामुळे घाई नसते.