सही फक्त सुईपुरती

"मॅडम, डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात. करू का?" स्तनात गाठ सापडलेल्या स्त्रिया हा प्रश्न घेऊन माझ्याकडे इतक्या वेळा आल्या आहेत की, दारातून आत येणारीच्या हातातली फाइल पाहूनच मला पहिले वाक्य ऐकू येऊ लागते. प्रश्न वैद्यकीय आहे आणि मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकीला पहिल्याच भेटीत स्पष्ट करते. तरीही त्या येतात, कारण डॉक्टरांचे उत्तर त्यांच्याकडे असतेच. ते गळी उतरलेले नसते. त्यांच्यापैकी एकीची हकिगत, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते. सहा भेटींतले बोलणे मोजक्या संवादांत आटोपले आहे.

बाईंचे वय सेहेचाळीस, काम हिशेब तपासण्याचे. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासण्याचा, सल्ला मिळून सात आठवडे झाले होते. या काळात त्या काय करत होत्या, असे विचारल्यावर त्यांनी जरा संकोचून सांगितले, "रोज संध्याकाळी गाठीच्या कडेने निळ्या बॉलपेनने गोल काढते. आंघोळीत पुसट होतो, मग पुन्हा काढते. वाढली तर कळेल ना!"

"मग, काही कळलं?"

"कधी वाढल्यासारखी वाटते, कधी कमी झाल्यासारखी. दिवसातून पंधरा-वीस वेळा चाचपते. आता तर दुखायलाही लागलंय."

बोटांनी सारखी दाबलेली जागा दुखणारच, आणि पाळीच्या चक्राप्रमाणे किंवा हात वर-खाली केल्यानेही गाठ हाताला निराळी लागते. दुखते म्हणून ती वाईट किंवा दुखत नाही म्हणून निर्धोक, असेही म्हणता येत नाही. मला मात्र त्या गोलात दुसरेच काही दिसले. सात आठवडे ही बाई रोज तपासणी करत होती. उत्तर देऊ न शकणारी तपासणी त्यांनी निवडली होती, इतकेच.

दुसऱ्या भेटीत त्यांनी सोनोग्राफी-मॅमोग्राफीचा अहवाल पुढे केला. "चौथी स्टेज लिहिलीय. मग आता टोचून तरी काय उपयोग?" अहवालात 'बायरॅड्स ४ ए' असे लिहिले होते. हा गैरसमज मी किती जणींच्या तोंडून ऐकला असेल, याची गणती नाही. बायरॅड्स ही प्रतिमा पाहणाऱ्या डॉक्टरांच्या संशयाची श्रेणी आहे. कर्करोगाची स्टेज ही निदान झाल्यानंतर ठरवायची गोष्ट आहे, आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. श्रेणी ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणून तेथे बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा प्रतिमा घेण्याचा सल्ला मिळतो. ४ ए म्हणजे २ टक्क्यांहून अधिक, पण १० टक्क्यांपर्यंत. श्रेणी ५ मध्ये ती ९५ टक्के किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे यांच्यासारखा अहवाल असलेल्या शंभर जणींपैकी नव्वद किंवा त्याहून अधिक जणींची गाठ कर्करोगाची नसते. "सहा महिने थांबून बघू" हा शेजारणीचा सल्ला श्रेणी ३ला शोभतो, ४ला नाही. हे सगळे त्यांच्या डॉक्टरांकडून पडताळून घ्यायला मी सांगितले आणि त्यांनी ते घेतलेही.

आकड्यांत वावरणारी बाई आकड्याने शांत होईल, असा माझा कयास होता. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "पण त्या दहांत मी असले तर? आणि नणंद म्हणते, सुई लागली की गाठ चवताळते."

या समजुतीला मी हसून उडवून लावत नाही. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकू शकतात, हे पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले आहे. त्यामुळे रुग्णांच्या आयुर्मानावर वाईट परिणाम होतो, असे मात्र आढळलेले नाही. उलट सुईने काढलेल्या तुकड्यावरून गाठ कोणत्या जातीची आहे, ती हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का, हे शस्त्रक्रियेआधीच कळते आणि उपचारांचा क्रम त्यावर ठरवता येतो. मग ही समजूत आली कोठून? आधी सुई टोचली जाते, मग आजाराचे नाव कळते, मग प्रकृती ढासळताना दिसते. पाहणाऱ्याला क्रम हेच कारण वाटते.

प्रत्यक्षात काय होते, तेही मी सांगितले. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत पाहून सुई नेमकी गाठीत नेतात, स्टेपलरसारखा 'टक' आवाज होतो आणि काडीएवढे बारीक तुकडे निघतात. नंतर थोडे दुखते, काही दिवस जागा काळीनिळी दिसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचे, ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. त्यांनी सगळे वहीत उतरवून घेतले आणि वही मिटून म्हणाल्या, "समजलं. पण होत नाही हो."

येथे मी माझी चूक कबूल करते. तीन भेटी मी माहिती पुरवत होते, आणि माहिती त्यांच्याकडे कमी नव्हतीच. चौथ्या भेटीत मी निराळे विचारले. "समजा, तुम्ही हो म्हणालात. पुढे काय काय होईल ते ओळीने सांगा."

त्यांनी श्वासही घेतला नाही. "सुई, रिपोर्ट, ऑपरेशन, केमो, केस जाणं, नोकरी सुटणं, मुलीचं शिक्षण अर्धवट, आणि मग..."

"यातल्या कशाकशावर तुमची सही लागणार आहे?"

"म्हणजे? एकदा हो म्हटलं की सगळं आलंच ना?"

मी कोरा कागद पुढे सरकवला. त्यांनीच सांगितलेल्या पायऱ्या एकाखाली एक लिहायला लावल्या आणि 'सुई'च्या खाली आडवी रेघ मारली. "तुमच्या कचेरीत एका व्हाउचरवर सही केली, म्हणून वर्षाचा ताळेबंद मंजूर होतो का?"

त्या हसल्या. बायोप्सीचा सल्ला मिळाल्यापासून पहिल्यांदाच, असे त्या नंतर म्हणाल्या. मग हसू मावळले आणि बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. "माझी मावशी गाठ तपासायला गेली होती," त्या सावकाश म्हणाल्या, "शुद्धीवर आली तेव्हा स्तन नव्हता. मी तेव्हा शाळेत होते. घरात कोणी काही बोललं नाही."

त्या क्षणी मला उमगले की ही भीती निराधार नव्हती; तिचा काळ उलटून गेला होता. पूर्वी भूल देऊन गाठीचा तुकडा काढायचा, तो लगेच तपासायचा आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलेत स्तन काढायचा, अशी रीत होती आणि दोन्हींची संमती एकाच कागदावर घेतली जाई. १९७४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचे असेच झाले. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने स्वतःची गाठ सापडल्यावर, आधी फक्त तपासणी करा, पुढचे मी ठरवीन, असा आग्रह धरला आणि पुढे तो सार्वजनिकपणे लढवला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञगटाने, ज्यात कुशनर स्वतः होत्या, तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या टप्प्यांत करण्याची शिफारस केली. हे ऐकल्यावर बाईंनी एवढेच विचारले, "म्हणजे मधे थांबता येतं?"

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. 'मला खात्री हवी' यातून 'मला खात्री हवीच' कसे जन्मते, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे, आणि 'त्या दहांत मी असले तर' याला माझे नेहमीचे उत्तरही तेच असते. या वेळी मी ते वापरले नाही, याचे मला समाधान वाटते. या बाईंना खात्रीपेक्षा ताबा हवा होता.

म्हणून आता मी प्रत्येकीला तोच कागद पुढे करते. डॉक्टरांना विचारायचे ते त्याच्या मागे लिहून घ्या, असे सांगते: माझी श्रेणी कोणती, सुई बारीक (जिने सुट्या पेशी निघतात) की जाड (जिने तुकडा निघतो), जाड सुईऐवजी बारीक सुचवली असेल तर का, अहवाल किती दिवसांत, आणि अहवाल प्रतिमेशी जुळला नाही तर पुढे काय. शेवटचा प्रश्न बहुतेक जणी विसरतात. प्रतिमा संशयास्पद असताना तुकडा निर्दोष निघाला, तर सुई नेमक्या जागी लागली होती का हे पाहून तपासणी पुन्हा करावी लागू शकते. गाठ हाताला लागते पण मॅमोग्राफी स्वच्छ आहे, यावरही विसंबू नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. मन तयार होईपर्यंत महिनोन्‌महिने थांबले तर बिघडू शकते. मन आधी तयार होते आणि मग सही होते, असे मी फारसे पाहिलेले नाही.

बाईंनी पुढच्याच आठवड्यात बायोप्सी करून घेतली. उत्तर ज्याची त्यांना धास्ती होती तेही नव्हते आणि ज्याची आशा होती तेही नव्हते. पॅपिलोमा, म्हणजे दुग्धनलिकेतील वाढ, आणि तीत काही पेशी असामान्य. ती पूर्ण काढून तपासावी, असा सल्ला. सहाव्या भेटीला त्या शस्त्रक्रियेचे संमतिपत्र घेऊन आल्या. मला वाटले, रडतील. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मला वाचून दाखवायला सुरुवात केली. 'आवश्यक वाटल्यास अन्य प्रक्रिया' या शब्दांपाशी त्या थांबल्या. त्यांच्याखाली निळ्या बॉलपेनने रेघ मारलेली होती आणि समासात लिहिले होते, 'कोणती? आधी विचारणे.'