बारावीनंतर न्यूरोसायन्ससाठी परदेशी? आधी सोडलेलं गणित परत घे

तुझा प्रश्न दोनदा वाचला. अकरावी सायन्स, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित नाही), कॉलेज नावापुरतं आणि उरलेला दिवस पुण्यात टिळक रोडवरच्या नीटच्या क्लासमध्ये. डॉक्टर व्हायचं नाही, मेंदूवर संशोधन करायचंय. बारावी झाली की थेट ब्रिटनमध्ये न्यूरोसायन्सची पदवी, आणि त्यासाठी बाबा धायरीचा फ्लॅट विकायला तयार आहेत. ‘ताई, निघू का?’

मी सहकारनगरातून अठराव्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एडिंबराला आले, हीच पदवी घेतली आणि आता इथेच पीएचडी करतेय. माझं मत: जरूर निघ, पण बारावीनंतर नको, आणि फ्लॅट विकून तर नकोच.

आधी घरातला एक गोंधळ मिटव. माझी आजी अजूनही शेजारी सांगते, ‘नात मेंदूची डॉक्टर होतेय.’ ही पदवी घेऊन कुणी पेशंट तपासत नाही. न्यूरॉलॉजिस्ट व्हायचं तर आपल्याकडे एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम, असा वेगळाच रस्ता आहे. तुझ्या बाबांच्या डोक्यात नक्की कुठला रस्ता आहे हे फ्लॅटला गिऱ्हाईक बघण्याआधी विचारून घे.

आता मी दिवसभर काय करते ते ऐक, म्हणजे तुला हेच हवंय का कळेल. उंदराचा अख्खा मेंदू अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. तो बर्फगार खारट द्रावणात ठेवून थरथरत्या पात्याच्या यंत्रावर त्याचे ३०० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ, काप काढायचे. द्रावणातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडत राहायचे, तरच काप काही तास जिवंत राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी शोधायची, जेमतेम मायक्रॉनभर तोंडाची काचेची नळी तिच्या आवरणाला टेकवायची आणि नळीला जोडलेल्या रबरी ट्यूबमधून तोंडाने अगदी हलकं ओढायचं. आवरण काचेला घट्ट चिकटलं की पेशीतला विजेचा प्रवाह मोजता येतो. याला पॅच क्लॅम्प म्हणतात. हे तंत्र काढणाऱ्या नेहर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं. बोलायला सोपं वाटतं. जरा जोरात ओढलं की पेशी फुटते. दिवसाकाठी चार चांगल्या पेशी मिळाल्या तर मी त्या संध्याकाळी चहाबरोबर केक खाते.

आणि हे झालं फक्त निम्मं काम. पुढचे तीन दिवस त्या आकड्यांशी झटापट: पायथनमध्ये प्रोग्रॅम लिही, आलेख काढ, स्टॅटिस्टिक्स लाव. इथेच तुझं गाडं अडणार आहे, कारण तू गणित सोडलंयस. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड मज्जातंतूतून विजेची लहर कशी पळते ते चार डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणाऱ्या समीकरणांत, मांडलं. हा विषय घेतलास की ती समीकरणं कधी ना कधी समोर येतातच. डिफरन्शियल इक्वेशन्सचा धडा आपल्या बोर्डाच्या बारावीच्या गणितात आहे. तुझ्या बॅचमधली मुलं ‘नीटला काय करायचंय गणित’ म्हणून तो विषय टाकतात, तू त्यांच्या नादी लागू नकोस. विषय परत घेता येतो का ते कॉलेजात आत्ताच विचार. नाहीच म्हणाले तर दोन्ही पुस्तकं आणून घरी कर, मार्कांसाठी नाही, स्वतःसाठी.

आता पैसे. एडिंबरासारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला प्रयोगशाळेच्या विषयाची फी वर्षाला ३० हजार पौंडांच्या वर पडते. पौंड ११० रुपयांना धरला तरी वर्षाचे ३३ लाख. स्कॉटलंडमधली ऑनर्स पदवी ४ वर्षांची, म्हणजे राहणं-खाणं न धरता सव्वा कोटीच्या पुढे. व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकरकमी, म्हणजे तीन हजार पौंड विमानात बसायच्या आधीच गेले. माझ्या वेळी बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं, ते अजून फिटलेलं नाही. दर रविवारी फोनवर ते ‘हप्ता गेला बरं का’ असं सहज म्हणतात. ते सहज नसतं, हे दोघांनाही माहीत आहे.

एवढं करून हातात येते बीएससी, आणि नुसत्या बीएससीवर या विषयात फारसं काही मिळत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला इथे मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच असेल. त्यानंतर राहायचं तर कुशल कामगारांचा व्हिसा लागतो. त्यासाठी सर्वसाधारण पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना थोडी सूट मिळते, पण नुकत्याच पास झालेल्या लॅब असिस्टंटचा पगार त्या सवलतीच्या आकड्यापर्यंतही कसाबसाच पोचतो. माझ्या वर्गातले बरेचजण आज बँकांत नाहीतर डेटाच्या कामात आहेत. वाईट काहीच नाही, पण त्यासाठी उंदराचा मेंदू चिरायची गरज नव्हती.

उलट पुढच्या पायरीवर पैसे वाहण्याची दिशाच बदलते. अमेरिकेत या विषयाच्या पीएचडीला सहसा फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला फी नाही. ट्यूबिंगेन ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते तुझेच, दरमहा तुलाच परत मिळतात. गटिंगेनला माक्स प्लांक या संशोधन संस्थेच्या मदतीने चालणारा न्यूरोसायन्सचा कार्यक्रम आहे, तिथे भारतातून आलेली मुलं मला भेटली आहेत. जर्मनीचा विचार बारावीनंतर लगेच मात्र करू नकोस: आपल्या नुसत्या बारावीवर तिथे थेट प्रवेश होत नाही, इथलं पदवीचं एक वर्ष तरी पूर्ण लागतं किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. शिवाय एपीएसचं, म्हणजे इथली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं, प्रमाणपत्र.

मग मधली वर्षं कुठे? तुझ्या नाकासमोर, पाषाणला. आयसर पुणे ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था २००६ पासून आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस, आणि तिथे मेंदूवर काम करणारे चांगले संशोधक आहेत. प्रवेशपरीक्षा आयएटी: जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक, प्रत्येकी १५ प्रश्न. बघ, गणित पुन्हा आलंच. नाही जमलं तर फर्ग्युसन किंवा गरवारेत बीएससी कर आणि सुट्टीत कुठल्यातरी लॅबमध्ये हात काळे कर. मला स्वतःला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी ज्या कन्सल्टंटकडे गेले होते (नाव राहू दे) त्याच्या यादीत त्याला कमिशन देणारीच विद्यापीठं होती, हे फार नंतर कळलं.

एवढं सांगूनही तुम्ही बारावीनंतरच जायचं ठरवलंत, तर इंग्लंडपेक्षा स्कॉटलंड बघ. इंग्लंडमध्ये ३ वर्षांत संपतं, एका वर्षाची फी वाचते हे खरं. पण इथे पहिली दोन वर्षं शरीरशास्त्र, जैवरसायन, औषधशास्त्र असं बरंच काही चाखता येतं आणि मन बदललं तर वळायला जागा राहते. मी स्वतः जवळजवळ वळलेच होते.

अर्ज युकासवरून, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या एकत्रित अर्जाच्या साइटवरून, जास्तीत जास्त पाच ठिकाणी, साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे तुझ्या बोर्डाच्या परीक्षेआधीच. त्यात कॉलेजने तुझे अपेक्षित मार्क आणि शिफारसपत्र द्यायचं असतं. आपल्याकडे खरी गोची इथे होते. दोन वर्षं तू क्लासला, हजेरी मॅनेज केलेली, मग बाई लिहिणार काय? मी गेले तेव्हा आमच्या कॉलेजच्या मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘तू आमच्याच वर्गात आहेस का?’ त्यामुळे आतापासून आठवड्यातून दोन दिवस तरी प्रॅक्टिकलला बस. बायोलॉजीच्या एका तरी शिक्षकांना तुझं तोंड ओळखीचं होऊ दे.

कागदपत्रांचं एकच सांगते, बाकीचं तुला कळेलच. व्हिसासाठी दाखवायचे पैसे बाबांच्या खात्यात असतील तर ते सलग २८ दिवस तिथेच पाहिजेत, एक दिवसही खाली उतरता कामा नयेत, आणि ते तुझेच बाबा आहेत हे जन्मदाखल्यावरून दाखवावं लागतं. माझ्या दाखल्यावर बाबांच्या नावात एक ‘एच’ जास्त होता. तो काढायला दीड महिना गेला. तुझा दाखला आजच कपाटातून काढ आणि पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळव.

राहता राहिली प्राण्यांची गोष्ट. ब्रिटनमध्ये जिवंत प्राण्यावर काम करायला १९८६ च्या कायद्याखाली स्वतःच्या नावाचा परवाना लागतो, नियम कडक आहेत, तरी शेवटी समोर उंदीर असतो आणि तुझ्या हातात कात्री. सगळ्यांना हे झेपत नाही, आणि न झेपणाऱ्यांसाठी संगणकावरचं किंवा माणसांच्या स्कॅनवरचं काम आहे. तू यातल्या कुठल्या गटात, ते दीडशे रुपयांत कळेल. रविवारी सकाळी मटणवाल्याकडून बोकडाचा एक अख्खा भेजा आण, न चिरलेला. ताजा भेजा श्रीखंडासारखा मऊ असतो, म्हणून तासभर बर्फाच्या मिठाच्या पाण्यात ठेव. मग धारदार पात्याने दोन्ही अर्धे भाग वेगळे कर आणि आत वळलेली समुद्रघोड्याच्या आकाराची पट्टी सापडते का बघ. तो हिप्पोकॅम्पस, ज्याच्याशिवाय नवीन आठवण टिकत नाही. सापडली तर फोटो पाठव. आणि उरलेला भेजा फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी आईला विचार. मी विचारलं नव्हतं.