शाळेतला दम्याचा पंप कुलपात नको

प्रश्न : आमच्या शाळेतल्या अकरा मुलांना दमा असल्याचं पालकांनी कळवलंय. घरचा पंप मुलं बऱ्याचदा विसरतात. शाळेनं तातडीसाठी काय ठेवावं, आणि वेळ आली तर कसं द्यावं?
— एक मुख्याध्यापिका, सिंहगड रस्ता

उत्तर : सालब्युटामॉलचे (आवळलेल्या श्वासनलिका लगेच सैल करणारं औषध), एका पफला म्हणजे एकदा दाबल्यावर 100 मायक्रोग्रॅम औषध देणारे दाबायचे दोन पंप आणि चार-पाच स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) ठेवा. पावडर ओढायचा रोटाहेलर इथे उपयोगाचा नाही, कारण धाप लागलेल्या मुलाला जोरात श्वास ओढताच येत नाही. नुसत्या स्टेरॉइडचा रोजचा पंपही नको. त्यानं आवळलेल्या श्वासनलिका लगेच सैल होत नाहीत.

ब्रिटनमधल्या शाळांना 1 ऑक्टोबर 2014 पासून हा पंप चिठ्ठीशिवाय विकत घेता येतो. आपल्याकडे सालब्युटामॉल शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी लागते. म्हणून जूनमध्येच शाळेच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि दम्याच्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती फाइलला लावा.

झटका आला की मुलाला ताठ बसवा, आडवं करू नका. टाय, कॉलर सैल करा. त्याला ऑफिसपर्यंत चालवत नेऊ नका, पंप आणि स्पेसरची पेटी त्याच्याकडे आणा. पंप हलवा, बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन फवारे हवेत सोडा. स्पेसरला लावून एकच पफ दाबा, मुलाला चार-पाच साधे श्वास घेऊ द्या, मग पुन्हा हलवून दुसरा. दोन पफमध्ये अर्धा ते एक मिनिट जाऊ द्या. घाईत दोन-तीन पफ एकदम मारले जातात, ही सगळ्यात नेहमीची चूक. औषधाचे थेंब एकमेकांना चिकटून स्पेसरच्या भिंतीवर बसतात आणि छातीत कमी पोचतात. अशा रीतीनं दहापर्यंत पफ देता येतात. हात थरथरतील, छाती धडधडेल, त्याला घाबरू नका.

दहा पफनंतरही उतार नसेल तर 108 ला फोन करा. मूल वाक्य पुरं करू शकत नसेल, ओठ निळसर पडले, गुंगी आली किंवा घरघर थांबूनही श्वास लागतच असेल, तर दहा पफची वाट न बघता आधी फोन. घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नव्हे. हवाच आत जात नसेल तर आवाजही येत नाही. दहा मिनिटांत रुग्णवाहिका आली नाही तर आणखी दहा पफ त्याच पद्धतीनं द्या.

पेटी शिक्षकांच्या खोलीत उघड्या फळीवर, उन्हापासून लांब ठेवा. किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क बँकेत, असं होता कामा नये. स्पेसर वापरलेल्या मुलालाच देऊन टाका. पंपाचं प्लास्टिकचं आवरण मात्र औषधाची डबी काढून कोमट पाण्यात धुवा आणि हवेवर वाळवा.

प्रश्न : स्पेसर नसेल तर?
— एक शिक्षक, हडपसर

उत्तर : अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर हे तपासून पाहिलेलं आहे. बुडाला पंपाच्या तोंडाएवढंच भोक पाडा, फट राहू देऊ नका, आणि मुलाला बाटलीच्या तोंडातून श्वास घेऊ द्या. बाटली आधी साबणाच्या पाण्यानं धुवा आणि न पुसता वाळू द्या. कापडानं पुसली की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतच चिकटून राहतं.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये असा पंप ठेवू का? दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं दोघातिघांना हमखास त्रास होतो.
— एक सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर : ठेवा, पण डॉक्टरांना विचारून, आणि तो द्यायला शिकलेली दोन माणसं सोसायटीत असतील तरच. नुसती भिंतीवर टांगलेली पेटी पुरत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनी दिवाळीआधीच डॉक्टरांना दाखवावं. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस पंप लागत असेल तर दमा आटोक्यात नाही. आणि झटका आलेल्या माणसाला ओव्याची धुरी मुळीच देऊ नका. धूर कशाचाही असो, श्वासनलिका आणखी आवळतात.