सूर्यफुलाच्या कुळातलं झाड

प्रश्न : सूर्यफूल, शेवंती, झेंडू आणि पठारावरची सोनकी एकाच कुळातली, असं वाचलं. पण ही सगळी रोपंच. या कुळात खरंखुरं, लाकूड धरणारं झाड असतं का?
– एक वाचक, वाई

उत्तर : असतं. त्यातल्या एका झाडाची गोष्ट मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात दर वर्षी सांगायचे.

दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट, १८१५ मध्ये नेपोलियनला नेऊन ठेवलं तेच. जेमतेम १२२ चौरस किलोमीटर, आणि आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९०० किलोमीटरवर. एवढ्या लांब रानातल्या मोठ्या झाडांचं जड बी कुठून पोचणार? या कुळाचं हलकं बी पोचलं. वर सावली धरणारं कोणी नव्हतं, तेव्हा त्याच कुळाची तिथे झाडं झाली. त्यांतलं गमवूड आज बेटाचं राष्ट्रीय झाड आहे. पुढे माणसं आली, शेळ्या आल्या. जुनी झाडं सरपणाला गेली, नवा कोंब शेळ्यांनी खुडला.

गमवूडचाच भाऊबंद बास्टर्ड गमवूड. तो संपला असंच सगळे धरून होते. १९८२ मध्ये एक झाड सापडलं, तेही काही वर्षांत गेलं. २००९ मध्ये रानात आणखी एक सापडलं. एकच! आणि या झाडाला सगोत्र सहसा चालत नाही. स्वतःचा पराग पडला तर बी धरतं, पण बहुतेक पोचट. शेजारच्या गमवूडचा पराग किड्यांनी आणला, तर रोप मिसळीचं होतं. म्हणून झाडाभोवती जाळी उभारली आणि माणसांनी कुंचल्याने फुलाफुलाला पराग लावला.

हे काम किती चिकाटीचं, ते घरीच पाहा. परसातल्या दुधी भोपळ्याच्या मादीफुलाला मी संध्याकाळी नरफूल टेकवते, एका फुलाचं काम तिथेच झालं. आता तोरणातला एक झेंडू उसवा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी काळ्या काडीसारखं बी दिसेल, कारण ती पाकळी नव्हे, अख्खं स्वतंत्र फूल आहे. बास्टर्ड गमवूडचं फूलही असाच गुच्छ. त्यातल्या प्रत्येक बारक्या फुलापर्यंत पराग पोचायला हवा.

असं जमवलेल्या बियांच्या ढिगातून मोजकीच रुजली. पण रुजली, आणि त्यांची रोपं बेटावरच वाढवली गेली.