'बकलिंग' म्हणजे वाकणे नव्हे

रबाळे एमआयडीसीत रबरी सील तयार करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: रबर दाबत नेलं की एका टप्प्यावर त्याचा पृष्ठभाग अचानक आत मुडपतो. याला 'सरफेस बकलिंग' म्हणतात. मराठीत 'पृष्ठभाग वाकणे' लिहिलं तर चालेल का?

अजिबात नाही. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत जो तो सगळ्यालाच 'वाकलं' म्हणतो, आणि दर वेळी कान दुखतात. फळीवर आडवं ओझं ठेवलं की ती वाकते. ओझं वाढेल तसा बाक वाढतो. बकलिंगचं तसं नाही. उभी सळई दोन्ही टोकांनी दाबली तर ती बराच काळ सरळच राहते आणि एका ठरावीक भाराला एकदम बाजूला निसटते. हा भार गणितज्ञ ऑयलरने 1744 मध्ये गणिताने काढला. त्याच्या सूत्रात पदार्थाच्या मजबुतीला, म्हणजे तो किती ताणाला तुटेल याला, जागाच नाही. ताठरपणा, लांबी आणि छेदाचा आकार एवढंच येतं.

हिंदीत यासाठी 'व्याकुंचन' चालतो. आपले काही जाणकार त्यावर नाक मुरडतात: आकुंचन म्हणजे आक्रसणं, त्यात वाकडेपणा कुठला? या मंडळींनी धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची अर्थासह यादी, उघडून पाहावा. 'कुंच्' धातूचे तिथे दोन अर्थ दिले आहेत, कौटिल्य आणि अल्पीभाव. म्हणजे वाकडं होणं आणि लहान होणं. याहून सुंदर गोष्ट वैशेषिकांची, म्हणजे वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या अनुयायांची. त्यांनी कर्माचे, म्हणजे हालचालीचे, पाच प्रकार मानले, त्यांतलं एक आकुंचन. त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी त्याचं लक्षण असं दिलंय: सरळ द्रव्याचे टोकाकडचे अवयव आपली जागा सोडून मुळाकडच्या भागाला येऊन भिडतात आणि ते द्रव्य कुटिल होतं. टोकं जवळ येणं आणि सरळपणा मोडणं, दोन्ही एकाच व्याख्येत! ऑयलरच्या सळईचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. माझं ठाम मत आहे की मुळात 'आकुंचन' हाच बकलिंगचा शब्द होता. आपण त्यातला वाकडेपणा पुसून टाकला आणि नुसतं आक्रसणं ठेवलं. 'वि' जोडून तो परत येत असेल तर विरोध कशाला?

आता रबर. इथे दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांना दोन शब्द हवेत. 1963 मध्ये शास्त्रज्ञ मॉरिस बायो यांनी दाखवलं की रबरासारखा जाड ठोकळा एका दिशेने सुमारे 46 टक्के आखूड केला की सपाट पृष्ठभाग अस्थिर होतो आणि त्यावर बारीक लाटा उठू शकतात. या लाटांना 'वळी' म्हणा. संस्कृत 'वलि'वरून आलेला शब्द आहे, आणि शाळेच्या भूगोलातला 'वली पर्वत' त्याचाच भाऊ. बायो यांनी खडकांच्या थरांना पडणाऱ्या वळ्यांचंही गणित मांडलं होतं, त्यामुळे हे नातं ओढूनताणून आणलेलं नाही.

प्रत्यक्षात मात्र रबर तिथवर पोचतच नाही. गेंट आणि चो या संशोधकांनी 1999 मध्ये रबराचे ठोकळे वाकवून पाहिले, तेव्हा आतली बाजू 35 टक्क्यांच्या आसपास आखूड होताच तिथे तीक्ष्ण घड्या आत गेल्या. बायोंचं गणित अगदी हलक्या लाटेचं होतं. इथे पृष्ठभाग एका जागी पुरता दुमडून स्वतःलाच टेकतो. कापडाची कड आत घेतात तिला मुडप म्हणतात, तोच शब्द इथे घ्या. तुमच्या सीलवर दिसते ती मुडप. तपासणीच्या कागदावर तिला 'भेग' लिहू नका. भेगेत रबर तुटलेलं असतं, मुडपीत ते अखंड असतं.