एका बाइकचं वजन १७५ किलो ड्राय, दुसरीचं १८४ किलो कर्ब. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमधून रोज ढकलायला हलकी कोणती?

१८४ किलोवाली. फार तर दोन्ही सारख्या निघतील, पण १७५ वाली तिच्याहून हलकी भरणं अवघड आहे.

कर्ब वेट म्हणजे सगळी ऑइलं, बॅटरी आणि साधारण ९० टक्के भरलेली टाकी, चालवणारा सोडून. ड्राय वेटचं तसं नाही. कोणी फक्त पेट्रोल वगळतं, कोणी इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि फोर्क ऑइलही (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरमधलं), तर कोणी बॅटरीसुद्धा. त्यामुळे ड्राय आकडा दिसला की आधी काय वगळलंय ते विचारा.

आता १७५ वालीची टाकी १४ लिटरची धरा. ९० टक्के म्हणजे १२.६ लिटर. पेट्रोल लिटरला साधारण ७४० ग्रॅम भरतं (पाण्यासारखा एक किलो धरू नका, तिथेच हिशोब चुकतो), म्हणजे ९.३ किलो. नुसतं पेट्रोल वगळलं असेल तरी गाडी १८४ वर पोचली. इंजिन ऑइल १.७ लिटर, कूलंट सव्वा लिटर आणि फोर्क ऑइल लिटरभर धरलं तर आणखी पावणेचार किलो. लेड-ॲसिड बॅटरी तीनेक किलो. सगळं वगळलं असेल तर खरा आकडा १९१. एअर-कूल्ड इंजिन असेल तर कूलंट वजा करा.

दादरहून रेल्वे पार्सलने पाठवताना टाकी रिकामी करतात, त्या बाइकलाही लोक ड्राय म्हणतात. ऑइल आणि बॅटरी आतच असतात, तेव्हा ते सगळं वगळलेलं ड्राय वेट नव्हे, फक्त पेट्रोल वगळलेलं.

खात्री करायची तर ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊ नका. तो ५-१० किलोंच्या टप्प्याने वाचतो आणि तुमचा सगळा फरक तेवढाच आहे. बाथरूमचा १५० किलोपर्यंतचा काटा पुरतो. पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर; मग उलट. दोन्ही आकड्यांची बेरीज करा. गाडी सरळ उभी हवी, कोणीतरी बोटांनी नुसता तोल धरायचा. साइड स्टँड लावला की काही भार स्टँडवर जातो आणि वजन कमी दिसतं. टाकीत किती पेट्रोल होतं तेही लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या गाडीशी ताडताना पुन्हा तोच घोळ.

पार्किंगमध्ये मात्र पेट्रोल कुठे आहे यालाही महत्त्व आहे. टाकी उंचावर असते, त्यामुळे ती अर्धी केली की वरचे चार-पाच किलो उतरतात आणि कललेली गाडी सावरणं लगेच सोपं जातं.